बेट जागं करावं का? जुने खेळ पुन्हा खेळताना

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी आयोजकांना विचारलं म्हणे, की सरांचं काय चाललंय? आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता सत्तरी ओलांडल्यावर मुलांच्या खेळण्यांवर व्याख्यान? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या शास्त्रकारांनी उदाहरणं कुठून घेतली ते आठवा. अंधारातली दोरी, शिंपल्यात भासणारी चांदी, मृगजळ, जादूगाराचा खेळ. सगळी रोजच्या बघण्यातली. त्यांच्या काळात गेम बॉय असता, तर बिचाऱ्या दोरीला आणि सापाला इतकी शतकं राबावं लागलं नसतं, एवढंच मी म्हणेन.

आधी वस्तू कोणती ते सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत माझ्या वयाचेही पुष्कळ आहेत. गेम बॉय हे जपानच्या निन्तेन्दो कंपनीचं हातात धरून खेळायचं यंत्र. 1989 साली ते बाजारात आलं. गुनपेई योकोई या अभियंत्याच्या हाताखाली ते तयार झालं. पडदा एवढासा, आडवे 160 आणि उभे 144 ठिपके. रंग नाहीत, हिरवट-करड्या चार छटा. पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे रात्री खेळायचं तर कंदिलाखाली पोथी वाचावी तसं दिव्याखाली बसायचं. चार पेन्सिल सेल घातले की चालायचं. खेळ एका प्लॅस्टिकच्या डबीत असायचा, तिला इंग्रजीत वेगळं नाव आहे, पण आपल्याकडची मुलं तिला सरसकट ‘कॅसेट’ म्हणत. आपणही तेच म्हणू. पुढे 1998 मध्ये याची रंगीत आवृत्ती आली आणि 2001 मध्ये गेम बॉय अॅडव्हान्स.

आपल्याकडे हे यंत्र फार घरांत नव्हतं. नव्वदच्या दशकात इथल्या मध्यमवर्गीय मुलाच्या हातात जत्रेत मिळणारा ‘ब्रिक गेम’ असायचा, वरून विटा पडायच्या आणि त्या रचायच्या, किंवा टीव्हीला जोडायचा नकली व्हिडिओ गेम. खरा गेम बॉय असायचा तो ज्यांचे वडील मस्कत, दुबई, कुवेतला नोकरीला होते त्यांच्याकडे, नाहीतर ज्यांचा मामा अमेरिकेत होता त्यांच्याकडे. त्या मुलांभोवती सुट्टीत बाकीची मुलं कशी घोळका करायची, हे तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. ती मुलं आज चाळिशीत आहेत, आणि ती माळ्यावरून ही यंत्रं खाली काढताहेत, सेल बदलून पुन्हा खेळताहेत. सगळ्या जगभर हे चाललंय. आणि ती सर्वात जास्त पुन्हा खेळतात ते खेळ म्हणजे आरपीजी, भूमिका घेऊन खेळायचे खेळ.

आरपीजीचा इतिहास सांगत बसत नाही. 1974 साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ आला, तिथून ही परंपरा निघाली. 1986 च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने जपानमध्ये तिला घराघरांत नेलं. तुम्ही एक पात्र होता. त्या पात्राचं बळ, बुद्धी, चपळाई आकड्यांत मोजलेली असते. लढाया करत, अनुभव गोळा करत ते पात्र वाढतं. एका बैठकीत संपत नाही, तीस-तीस, पन्नास-पन्नास तास लागतात. त्यामुळे जिथे थांबलो तिथली नोंद ठेवावी लागते, ‘सेव्ह’ करावं लागतं. हा शब्द ध्यानात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

आता प्रश्न असा की खेळ एकदा संपवला, रहस्य कळलं, राक्षस मेला. मग पुन्हा कशासाठी? ‘बालपणाची ओढ’ हे उत्तर सगळे देतात. मला ते अपुरं वाटतं. डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगार्द याचं 1843 सालचं ‘पुनरावृत्ती’ नावाचं एक छोटं पुस्तक आहे, टोपणनावाने लिहिलेलं. त्यातला निवेदक ठरवतो, की पुनरावृत्ती शक्य आहे का हे प्रयोगानेच पाहायचं. तो पूर्वी एकदा बर्लिनला जाऊन आलेला असतो, तिथे त्याला फार सुख लाभलेलं असतं. तो पुन्हा बर्लिनला जातो. तेच बिऱ्हाड, तेच नाटकगृह. आणि प्रयोग सपशेल फसतो. काहीच पहिल्यासारखं नसतं. तिथे शहर बदललेलं असतं, माणसं बदललेली असतात, आणि तो स्वतःही बदललेला असतो, त्यामुळे कशामुळे काय बिघडलं हे नीट वेगळं काढता येत नाही.

गेम बॉयवर मात्र येतं. कॅसेटमधला खेळ एका ठिपक्यानेही बदललेला नसतो. तेच गाव, तोच दुकानदार, तीच वाक्यं. 1993 साली जे घडलं तेच आज घडणार. म्हणजे प्रयोगशाळेत करावा तसा हा प्रयोग आहे: एक बाजू संपूर्ण स्थिर, बदललेला फक्त खेळणारा. म्हणून मी या विषयाकडे वळलो. आणि बदल कसला होतो, तर माझ्या मते मुख्य बदल ज्ञानाचा होतो. पहिल्यांदा खेळताना तुम्ही अजाण असता. दुसऱ्यांदा तुम्हाला शेवट माहीत असतो, आणि माहीत असूनही तुम्ही तीच कृती करता. ‘नकळत’ केलेलं आणि ‘कळून’ केलेलं यांत आपलं धर्मशास्त्र फरक करतं, आपला फौजदारी कायदाही करतो.

हे सगळ्यात लख्ख दिसतं ते ‘द लेजंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग’ या 1993 च्या खेळात. पक्के खेळाडू लगेच हात वर करतील, की सर, झेल्डा म्हणजे शुद्ध आरपीजी नव्हे, त्यात पात्राची पातळी वाढत नाही. मान्य. वर्गवारीचा वाद मिटवायला आपण जमलो नाही.

गोष्ट अशी. लिंक नावाचा तरुण समुद्रात वादळात सापडतो आणि कोहोलिंट नावाच्या बेटावर वाहून येतो. किनाऱ्यावर त्याला शोधते ती मारिन नावाची मुलगी. बेटाच्या उत्तरेला डोंगर, डोंगराच्या माथ्यावर एक प्रचंड अंडं, आणि त्या अंड्यात ‘विंड फिश’ नावाचा दैवी मासा झोपलेला. एक घुबड लिंकला सांगतं, की त्या माशाला जागं केल्याशिवाय तुला हे बेट सोडता येणार नाही. जागं करायला आठ वाद्यं हवीत, ती आठ भुयारांत राक्षसांच्या ताब्यात आहेत. इथपर्यंत सगळं नेहमीचं. पण खेळ अर्ध्याच्या पुढे गेल्यावर एका पडक्या देवळात एक भित्तिचित्र सापडतं आणि त्यावरून कळतं, की हे बेट, हे गाव, ही मारिन, सगळं त्या माशाचं स्वप्न आहे. तो जागा झाला की काहीच उरणार नाही.

आणि गंमत बघा, राक्षसही तेच सांगतात. एक जण मरता मरता लिंकला बजावतो, की तुला कळत नाहीये, तो जागा झाला तर इथलं सगळं कायमचं नाहीसं होईल. त्यांना आपला जीव वाचवायचा आहे, हे खरं. पण ते खोटं बोलत नाहीत. खलनायकांची वस्तुस्थिती बरोबर आहे, आणि नायक ती ऐकूनही पुढे जातो! लहान मुलांसाठी म्हणून केलेल्या खेळात हे आहे, हे मला आजही नवलाचं वाटतं.

इथे आपली परंपरा काय म्हणेल? गौडपादाचार्य मांडूक्यकारिकांच्या दुसऱ्या प्रकरणात म्हणतात, की जागेपणी दिसणारं आणि स्वप्नात दिसणारं यांत सत्यतेच्या दृष्टीने फरक करता येत नाही; जे आरंभी नव्हतं आणि शेवटी नसणार, ते मधल्या काळातही नाहीच. कोहोलिंटला हे तंतोतंत लागू पडतं. उलट शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात विज्ञानवाद्यांशी वाद घालताना ठामपणे म्हणतात, की जागृती स्वप्नासारखी नाही, कारण स्वप्नातल्या वस्तूचा जाग आल्यावर बाध होतो, जागेपणीच्या वस्तूचा तसा होत नाही. (मांडूक्यभाष्यात त्यांचा सूर वेगळा लागतो, ते भाष्य त्यांचंच का, यावर विद्वान भांडत असतात. असो.)

पण या दोन्ही विचारांत एक गृहीत आहे. स्वप्न बघणारा आणि जागा होणारा एकच आहे. माझ्या स्वप्नात मी वाघ पाहिला, जागा झालो, वाघ गेला. कोणाचं नुकसान झालं? कोणाचंच नाही, कारण तिथे माझ्याखेरीज कोणी नव्हतंच. लिंकची अडचण निराळी आहे. तो स्वप्न बघणारा नाही. तो दुसऱ्याच्या स्वप्नात शिरलेला पाहुणा आहे. आणि त्या स्वप्नात एक मुलगी आहे, जिला स्वतःच्या इच्छा आहेत. किनाऱ्यावर बसून ती लिंकला सांगते, की समुद्रापलीकडे काय आहे ते तिला बघायचंय, समुद्रपक्षी होऊन दूर उडायचंय. जिला इच्छा आहे तिला नुसतं ‘प्रातिभासिक’ म्हणून मोडीत काढायचं का? योगवासिष्ठातली लवण राजाची कथा आठवा. जादूगाराच्या प्रभावाने काही क्षणांत तो चांडाळाचं अख्खं आयुष्य जगतो, बायको, मुलं, दुष्काळ, सगळं. भानावर येतो. पण त्याला चैन पडत नाही. तो ते गाव शोधायला निघतो, आणि ते गाव त्याला सापडतं, तिथे त्याच्यासाठी रडणारी माणसंही सापडतात. भानावर आल्यावरही स्वप्नातल्या माणसांची जबाबदारी सुटत नाही, हे त्या ग्रंथकाराला कुठेतरी जाणवलेलं दिसतं.

तुम्ही म्हणाल, सर, मारिन म्हणजे यंत्राच्या स्मृतीतले चार ठिपके. तिला दुःख होत नाही. बरोबर आहे. मी ठिपक्यांसाठी अश्रू ढाळायला सांगत नाही. माझा प्रश्न खेळणाऱ्याविषयी आहे. पहिल्यांदा खेळताना भित्तिचित्र पाहूनही आपल्याला आशा असते. गोष्टींनी आपल्याला सवय लावलेली असते, की शेवटी काहीतरी युक्ती निघेल, देव प्रसन्न होईल, सगळे वाचतील. त्या आशेवर आपण आठवं वाद्य मिळवतो. युक्ती निघत नाही. बेट विरत जातं, लिंक समुद्रात एका फळीवर एकटा उरतो. दुसऱ्यांदा खेळताना ती आशाच नसते. पहिलं वाद्य हातात घेतानाच ठाऊक असतं, की हे वाद्य म्हणजे या गावाच्या अंताचा आठवा हिस्सा.

मग काही जण काय करतात? खेळ संपवतच नाहीत. सातव्या-आठव्या वाद्यापाशी थांबतात, गावात परत येतात, मारिन गात असते तिथे उभे राहतात, सेव्ह करतात आणि यंत्र बंद करून कपाटात ठेवतात. हे त्यांना दयेचं कृत्य वाटतं. मला ते पटत नाही. यंत्र बंद केलं की मारिनही थांबली. बेट वाचलं असं नाही, बेट गोठलं. जगू देणं आणि जतन करून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण अनेकदा, माणसांच्या बाबतीतसुद्धा, दुसरी करून पहिलीचं समाधान मिळवतो.

याच खेळातली आणखी एक छोटी जागा सांगतो. गावात एक दुकान आहे. दुकानदाराची नजर चुकवून तुम्ही वस्तू उचलून पळू शकता. जमतं. पण त्यानंतर संपूर्ण खेळभर प्रत्येक पात्र तुम्हाला तुमच्या नावाने नव्हे, ‘चोर’ म्हणून हाक मारतं. खोडता येत नाही. आणि पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकलंत तर दुकानदार तुम्हाला ठार करतो. म्हणजे बघा, चोरी करायची की नाही हे खेळ तुमच्यावर सोपवतो, आणि केलीत तर कर्मफळ पदरात घालतो. पण अख्खं बेट बुडवायचं की नाही हे तुमच्यावर सोपवत नाही. तिथे एकच वाट. आणि ते केलंत की तुम्ही नायक. लहान अपराधाला निवड आणि शिक्षा, मोठ्याला ना निवड ना शिक्षा. मी कोणत्या जगाबद्दल बोलतोय, ते तुम्ही ओळखाल.

दुसरा खेळ थोडक्यात घेतो, पण सोडवत नाही. 1989 च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेला, गेम बॉयवरचा पहिला आरपीजी. जपानी नाव ‘माकाई तोशी सागा’. अमेरिकेत तो ‘द फायनल फँटसी लेजंड’ या नावाने विकला गेला. अकितोशी कावाझू यांनी तो रचला. जगाच्या मधोमध एक मनोरा आहे, वर स्वर्ग आहे म्हणतात, आणि चार जण तो चढायला निघतात. खेळ कठोर आहे. शस्त्रं वापरून वापरून मोडतात. राक्षस जातीचं पात्र मारलेल्या शत्रूचं मांस खाऊन रूप बदलतं. प्रत्येकाला मोजकेच जीव. वाटेत अशुरा नावाचा दुष्ट भेटतो (हो, आपलाच असुर, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेलेला). त्याला मारून माथ्यावर पोचावं, तर तिथे टोपीवाला एक सभ्य गृहस्थ उभा. तो सृष्टिकर्ता. तो शांतपणे सांगतो, की अशुराला मीच निर्माण केलं, हा सगळा माझाच खेळ होता, तुम्ही छान खेळलात, आता बक्षीस मागा.

आमच्या शास्त्रात याला नाव आहे. लीला. ब्रह्म पूर्णकाम आहे, त्याला काही मिळवायचं नाही, मग त्याने सृष्टी का केली? बादरायणांचं उत्तर, केवळ लीला म्हणून. आणि सूत्रकार किती सावध बघा. पुढच्याच सूत्रात ते आक्षेप घेऊन ठेवतात, की मग देवावर पक्षपाताचा आणि क्रौर्याचा आरोप येईल त्याचं काय? त्याचं उत्तर ते कर्माच्या आधारे देतात: जीवाला मिळतं ते त्याच्या कर्मानुसार, देव त्यात मनमानी करत नाही. लीलेला कर्माचं कुंपण घातलंय. गेम बॉयवरच्या त्या गृहस्थाकडे हे कुंपण नाही. त्याला कंटाळा आला होता, एवढंच. आणि मनोरा चढून आलेले चौघं त्याचं बक्षीस नाकारतात. आम्ही काही वस्तू नाही, असं सुनावून ते त्याच्याशीच लढतात.

तिथे एक विनोद आहे, तो न सांगणं अन्याय होईल. खेळात करवत नावाचं एक शस्त्र आहे. प्रोग्रॅममध्ये तिचा हिशेब उलटा पडला, त्यामुळे दुबळ्यांवर चालायची ती बलाढ्यांवर चालते. परिणाम असा, की साक्षात सृष्टिकर्ता करवतीच्या एका फटक्यात मरू शकतो. जुने खेळाडू आजही मुद्दाम करवत घेऊनच वर जातात. विश्वाच्या निर्मात्याचा अंत निर्मितीतल्या चुकीमुळे! एवढं मार्मिक काही तत्त्वज्ञाला मुद्दाम सुचलं नसतं.

तिसरा खेळ 2003 चा, गेम बॉय अॅडव्हान्सवरचा, ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स अॅडव्हान्स’. याच्यावरून खेळाडूंमध्ये वीस वर्षं भांडण चाललंय, आणि ते भांडण खरोखर नीतिशास्त्राचं आहे. मार्श नावाचा एक शाळकरी मुलगा, नव्या गावात राहायला आलेला. त्याचा धाकटा भाऊ डोनेड चाकाच्या खुर्चीत. मित्र म्यूट, आई वारलेली, वडील त्या धक्क्यातून सावरले नाहीत, शाळेत मुलं त्याला छळतात. मैत्रीण रिट्झ, तिचे केस जन्मतः पांढरे, ती रंगवून लपवते. एका जुन्या पुस्तकामुळे सगळं गाव रात्रीत बदलून जादूचं राज्य होतं. तिथे डोनेड चालू शकतो. म्यूट राजपुत्र आहे, आई जिवंत, राणी. वडील सर्वोच्च न्यायाधीश. रिट्झचे केस रंगवावे लागत नाहीत. फक्त मार्शला परत जायचंय, आणि परत जायचं तर या जगाचे आधार असलेले स्फटिक फोडावे लागतात. तो एकेक फोडत जातो.

अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी 1974 मध्ये एक प्रश्न मांडला. समजा, हवा तो अनुभव हुबेहूब देणारं यंत्र आहे. आयुष्यभर त्याला जोडून घ्याल का? नोझिक म्हणतात, आपण नको म्हणू, कारण आपल्याला नुसता अनुभव नको असतो, खरंच काही करायचं असतं, खरंच कोणी व्हायचं असतं. वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक हुशार मुलं नोझिकच्या बाजूने हात वर करत. मी नंतर विचारायचो, तुमच्याऐवजी दुसऱ्याने प्लग काढला तर? तिथे हात खाली यायचे.

मार्शची अडचण नेमकी तीच आहे. स्वतः परत जायला त्याला कोणी नैतिक हरकत घेणार नाही. पण तो भावाला खुर्चीत परत बसवतोय, मित्राची आई दुसऱ्यांदा मारतोय. धडधाकट पोराने सत्याचा आग्रह धरायला काय जातं? बारा वर्षांचे असताना हा खेळ खेळलेले लोक सांगतात, की तेव्हा मार्श बरोबर वाटला, कारण मोठ्यांनी शिकवलं होतं, की स्वप्नात रमू नये. पस्तिशीला तोच खेळ खेळताना अनेकांना तो खलनायक वाटतो. मधल्या काळात कोणाची आई गेलेली असते, कोणाच्या घरात खुर्ची आलेली असते. खेळ तोच, अक्षरही बदललेलं नाही.

माझं मत विचाराल तर मार्श चुकत नाही, पण त्याचं कारण तो स्वतः देतो ते नव्हे. ‘हे खरं जग नाही’ हे कारण पुरेसं नाही. ज्याला तिथे चालता येतं त्याला ते सांगून उपयोग नाही. कारण असं, की ते जग एका मुलाच्या दुःखावर उभं आहे. म्यूटला बरं वाटावं म्हणून अख्ख्या गावाला त्याच्या कल्पनेतली पात्रं व्हावं लागलंय, कोणाला न विचारता. दुःख कितीही खरं असो, त्याने इतरांना आपल्या मनोराज्यात नोकरीला ठेवू नये. हे मत तुम्हाला निर्दय वाटलं तर वाटू द्या, प्रश्नोत्तरांत बोलू.

आता ‘सेव्ह’कडे येतो. या मालिकेतल्या स्मृतीवरच्या व्याख्यानानंतर एका बाईंचं पत्र आलं. त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव-गाव सोडून. लहानपण मस्कतला गेलं. धाकट्या भावाकडे रंगीत गेम बॉय होता आणि ‘पोकेमॉन रेड’ची कॅसेट. भाऊ काही वर्षांपूर्वी अपघातात गेला. आईचं कपाट आवरताना यंत्र सापडलं. सेल घातले, चालू झालं. आत भावाचं नाव, खेळलेले तास, आणि त्याने पाळलेले सहा प्राणी, घरातल्या माणसांची नावं दिलेले, रोमन अक्षरांत. सगळ्यात थोराड कासवाचं नाव ‘आजी’. आता बाईंचा नऊ वर्षांचा मुलगा म्हणतो, मला खेळायचंय. पण त्या कॅसेटमध्ये एकच खेळ सेव्ह होतो. नवा सुरू करून सेव्ह केला की जुना पुसला जातो. सर, काय करू?

मी आधी तंत्राचं सांगितलं, कारण तत्त्वज्ञानाला घाई नसते, बॅटरीला असते. या कॅसेटमध्ये मूळ खेळ एका चिपवर कायमचा कोरलेला असतो. तुमची नोंद मात्र दुसऱ्या चिपवर असते, आणि तिला सतत वीज लागते. यंत्र बंद असताना ती वीज देतो कॅसेटच्या आत सोल्डर करून बसवलेला एक बटण सेल. नंदादीपासारखं आहे ते. तेल संपलं की संपलं. पंचवीस वर्षं झाल्यावर तो सेल कधीही मान टाकू शकतो, आणि साधेपणाने बदलायला गेलात तर बदलतानाच नोंद जाते. तेव्हा आधी कॅसेट वाचणारं छोटं उपकरण संगणकाला जोडून नोंदीची प्रत काढा, मग सेल बदला, मग प्रत परत चढवा.

मग त्यांचा पुढचा प्रश्न, तो खरा. प्रत परत चढवली तर ती ‘त्याचीच’ नोंद राहील का? मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच नाही, वेगळीही नाही. तेवढं उत्तर इथे पुरतं. नैयायिकांचं म्हणणं त्याला जोडतो: स्मृती वस्तूत नसते, ती आत्म्यातल्या संस्कारातून उठते, वस्तू फक्त उद्बोधक, संस्काराला जागं करणारी. कॅसेट उद्बोधक आहे. भावाची आठवण बाईंमध्ये आहे, चिपवर नाही. पण उद्बोधक नष्ट करायला मी कोणाला सांगणार नाही, आणि कपाटात कुलूपबंद ठेवायलाही सांगणार नाही. मारिनचं काय होतं ते आपण पाहिलं.

त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं. प्रत काढली, सेल बदलून घेतला. जुनं दुसरं यंत्र आणि दुसरी कॅसेट विकत घेतली, मुलाला त्यावर नवा खेळ सुरू करून दिला. या खेळात दोन यंत्रं तारेने जोडून प्राण्यांची अदलाबदल करता येते. महिनाभर विचार करून त्यांनी ‘आजी’ कासव भाच्याच्या खेळात पाठवलं. अदलाबदलीत काहीतरी द्यावं लागतं. भाच्याने एक उंदीर दिला, तो आता मामाच्या नोंदीत बसलाय.

अशा पाठवलेल्या प्राण्यावर मूळ मालकाचं नाव आणि क्रमांक कायम राहतो, खेळ तो बदलू देत नाही. त्याला लढाईत अनुभवही जास्त मिळतो. पण एक अट आहे. नव्या मालकाने पुरेसे बिल्ले मिळवले नसतील तर थोराड प्राणी त्याचं ऐकत नाही. हुकूम दिला तरी पाठ फिरवतो, झोपा काढतो. बाईंनी परवा कळवलं, आठपैकी दोन बिल्ले झालेत. आजी अजून ऐकत नाही. मुलगा रोज विचारतो, मामाचं ऐकायची का गं ती?